मदत सोबत जोडलेली नाही

४ जानेवारी
पाणीशुद्धीकरण केंद्र, वरची वसाहत

आत्या,

नमस्कार नेहमीसारखाच वाकून, पण या वेळी गाल फुगवून. तुझ्यापायी भर कंट्रोल रूममध्ये माझं हसं झालंय.

नीट सांगते. बदली झाल्यापासून आता कुठे इथे बस्तान बसलं. केंद्र दरीत आहे, फोनला रेंज नाही, आणि असती तरी फोन गेटवरच्या खणात ठेवूनच आत जावं लागतं. कंट्रोल रूममधल्या कॉम्प्युटरला नेट जोडायचं नाही, बाहेरचा पेनड्राइव्ह लावायचा नाही, मुख्य कार्यालयाकडून आलेल्या डिस्कशिवाय काहीही आत घालायचं नाही, असा कडक नियम. अख्ख्या गावाचं पिण्याचं पाणी इथून जातं, कोणी बाहेरून उचापती करू नयेत म्हणून. मला तो पटतो. तू तशीही कानात यंत्र घालायला तयार नाहीस आणि फोनवर नुसतं "काय? काय?" करत बसतेस, तेव्हा आपलं पत्रच बरं. टपाल क्लोरीनच्या गाडीबरोबर येतं-जातं.

तर मागच्या गाडीने डिस्कचा नवा संच आला. त्यात आपलं "निवळी" होतं. मी इथे सगळ्यांना आल्या दिवसापासून सांगून ठेवलंय की पाण्यात तुरटी किती सोडायची ते सांगणारा हा प्रोग्राम फुकट आहे, खुला आहे, कोणीही घ्यावा, कोणीही उघडून दुरुस्त करावा असा आहे, आणि त्यातली मदत-पुस्तिका माझ्या सख्ख्या आत्याने लिहिलीय. सगळे खुर्च्या ओढून बसले. इनचार्ज बाईसुद्धा आल्या. मी ऐटीत मदतीचं बटण, एफ-वन, दाबलं. पडद्यावर काय यावं? "मदत सोबत जोडलेली नाही. संकेतस्थळ पाहावे."

इथे एक ऑपरेटर आहे, त्याच्या आवाजामुळे त्याला सगळे सायरन म्हणतात. त्याने ती ओळ मोठ्याने वाचली, म्हणजे पलीकडच्या डोंगरावर ऐकू गेली असेल. वर विचारतो, "मॅडम, आत्याबाई रजेवर आहेत का?" बाईंनासुद्धा हसू आवरलं नाही.

मीही हसले, पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मार्चअखेर वरच्या धरणाचे दरवाजे दुरुस्तीला काढणार आहेत. त्यासाठी तलाव रिकामा करणार, आणि तळाचा वर्षानुवर्षांचा गाळ थेट आमच्या दारात येणार. तेव्हा तिन्ही शिफ्टच्या लोकांना निवळी वापरता आलं पाहिजे, आणि मी काही तिन्ही शिफ्टला उभी राहू शकत नाही. बाईंनी स्पष्ट सांगितलंय, गाळ येण्याआधी पुस्तिका मशीनमध्ये आली तर निवळी, नाहीतर ते काढून टाकायचं आणि पूर्वीसारखं अंदाजाने काम.

तुझी पुस्तिका गेली कुठे, आत्या? जरा शोध.

तोंडघशी पडलेली,
तुझी भाची


११ जानेवारी

भिंगरे,

तुझं पत्र वाचून अंगाचा नुसता तिळपापड झाला. चहा तसाच गार झाला, तो ओतून दिला आणि लिहायला बसले.

रजेवर म्हणे. त्या सायरनला सांग, पंपाच्या कारखान्यात उभा जन्म माहितीपुस्तिका लिहिण्यात घालवला, पण आत्याबाईंनी छापखान्याला कधी एक दिवस थांबायला लावलं नाही. माझी पुस्तिका वाचून लोकांनी पंप बसवलेत. विहिरीत उतरून, बॅटरीच्या उजेडात, एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात माझं पान धरून. त्यांना काय, संकेतस्थळ पाहावे म्हणून सांगायचं होतं?

हे काम कोणाचं आहे ते मला पक्कं ठाऊक आहे. दाढीवाल्याचं. निवळीचा मूळ प्रोग्राम त्याने लिहिला, हुशार आहे, नाही म्हणत नाही. पण मागे एकदा माझ्या इथे बसून म्हणाला होता, मावशी, मदत साइटवर असली की झालं, सोबत देऊन उगाच वजन वाढतं. वजन! तेव्हा मी मूग गिळून गप्प बसले, तीच चूक झाली. ज्याच्याकडे नेट आहे त्याला शेजारीपाजारी विचारायला माणसंही असतात. पुस्तिका लागते ती जो एकटा आहे त्याला.

आणि ती पुस्तिका काय झोपेत लिहिली मी? जेवणाच्या टेबलावर सहा ग्लास मांडले होते, कुंडीतली माती कालवून. एकेकात तुरटी वाढवत जायची, चमच्याने ढवळायचं, कुठल्या ग्लासात मातीचे पुंजके लवकर खाली बसतात ते बघत बसायचं. शेजारीण डोकावून गेली आणि सरबताचा धंदा काढला का म्हणून विचारलं. जे स्वतः केलं नाही ते एकही वाक्य मी त्यात घातलेलं नाही. म्हणूनच त्यात कोणाला बोट ठेवायला जागा नाही.

दाढीवाल्याला सणसणीत पत्र टाकलंय. तू काळजी करू नकोस, हे मी निस्तरते.

आत्या


२० जानेवारी

आत्या,

दाढीवाल्याला पाठवलेलं पत्र परत मागवता येईल का? कारण त्याचा यात काही हात नाही.

मी मुख्य कार्यालयाला विचारलं. त्यांनी डिस्कचा संच तयार करणाऱ्या बाईंकडे चौकशी केली. या बाई खुले प्रोग्राम गोळा करतात, तपासतात आणि जिथे नेट नाही अशा ठिकाणी पाठवायला एका पेटीत एकत्र बांधून देतात. इस्पितळं, जहाजं, आमच्यासारखी दरीतली केंद्रं. आम्ही त्यांना पेटीवाली म्हणायला लागलोय. पेटीवालीचं उत्तर आलं, अगदी सभ्य आणि अगदी सरळ. त्यांच्या पेटीचा एकच नियम आहे: आत जे जाईल ते घेणाऱ्याला बदलता आलं पाहिजे, दुरुस्त करता आलं पाहिजे. प्रोग्राम असो नाहीतर पुस्तिका. कारण पेटी एकदा दरीत पोचली की तिथे चूक सापडली तर दुरुस्त करणारा तिथलाच कोणीतरी असणार.

आणि निवळीच्या मदत-पुस्तिकेच्या शेवटी लेखिकेने अट घातलीय म्हणे, "यातील एकही अक्षर कोणीही बदलू नये." म्हणून त्यांना ती नाइलाजाने बाहेर ठेवावी लागली. साइटवर राहू शकते, पेटीत नाही.

आत्या, ही अट खरंच तू घातलीस? मला वाटलं, कोणीतरी चुकून चिकटवली असेल. तुझीच असेल तर ती काढून टाक ना. एका ओळीचा प्रश्न आहे. पेटीवाली पुढचा संच मार्चच्या मध्यावर बांधणार आहेत, त्याआधी काढलीस तर आम्हाला वेळेत मिळेल.

सायरन रोज विचारतो, आत्याबाई कामावर रुजू झाल्या का म्हणून. तो टिंगल करतो खरा, पण त्याला हवीय पुस्तिका. परवा मला बाजूला घेऊन म्हणाला, गाळ आला आणि मी एकटा असलो तर कोणाला विचारू?

तुझी भाची


२८ जानेवारी

भिंगरे,

अट माझीच आहे. चुकून चिकटायला ती काही तिकीट नाही. विचार करून घातलीय आणि काढणार नाही.

तू तेव्हा शाळेत होतीस, तुला माहीत नसेल. कारखान्यात आमच्यावर एक साहेब आले होते. त्यांना माझी भाषा फार रुक्ष वाटायची. बोअरच्या पंपाची पुस्तिका छापायला गेली तेव्हा मी आजारी होते, त्यांनी ती हातात घेतली आणि सजवली. पहिल्या पानावर दीड पानाचं मनोगत घातलं. जागा पुरेना, म्हणून मधली एक ओळ काढली. "झाकण उघडण्याआधी मुख्य बटण बंद करा आणि टेस्टर लावून वीज नसल्याची खात्री करा." त्यांना वाटलं, एवढं कोणालाही कळतं. एका फिटरला कळलं नाही. वाचला, पण उजव्या हाताची बोटं कामातून गेली. तो कारखान्यात आला होता, पुस्तिका घेऊन. ती माझ्यासमोर उघडून मला म्हणाला, "बाई, यात लिहिलंच नव्हतं."

माझं नाव होतं त्या पुस्तिकेवर.

त्या दिवसापासून माझ्या नाकावर मी माशी बसू दिलेली नाही. नोकरीत होते तोवर छापखान्यात जाऊन बसायचे. निवृत्त झाल्यावर फुकट लिहिलं, तेव्हा ठरवलं, लिहीन मी मनापासून, पण कोणाचा हात लागू देणार नाही. तुमची ती पेटीवाली चांगली बाई असेल. पण उद्या तिच्या पेटीतून घेऊन कोण काय बदलेल, कुठली ओळ काढेल, याची हमी ती देऊ शकते का? पाण्याचा मामला आहे. तूच लिहितेस, अख्ख्या गावाचं पाणी.

तरी तुझी अडचण मला कळते. अख्खी पुस्तिका छापून सोबत पाठवतेय. कागद काही पेनड्राइव्ह नव्हे, तो आत न्यायला कोणाची ना नसावी. तिन्ही शिफ्टला पुरतील अशा प्रती आहेत. स्पायरल बाइंडिंग करून घेतलंय, पाणी उडालं तरी चालेल. झालं की नाही काम?

दाढीवाल्याला मी दुसरं पत्र टाकलं. पहिलं परत घेतलेलं नाही, फक्त थोडं सौम्य केलंय.

आत्या


९ फेब्रुवारी

आत्या,

प्रती मिळाल्या. सायरनने पहिलं पान वाचलं आणि चक्क आवाज खाली आणला, एवढं तुला आवडेल म्हणून आधी सांगते. "हे कळतं," म्हणाला. त्याच्याकडून याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आता पुढचं. हे लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं, पण तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगते.

मी सगळ्यांना शिकवायला बसले. तुझी पुस्तिका मांडीवर, मशीन समोर, बाजूला तुझ्या सहा ग्लासांसारखे चाचणीचे सहा जार. तू लिहिलंयस, "पहिल्या चौकटीत जारच्या चाचणीत आलेला डोस भरा, दुसऱ्या चौकटीत टाकीतल्या द्रावणाची ताकद." मी पहिल्या चौकटीत डोस भरला, दुसऱ्या चौकटीत ताकद. बटण दाबलं. आकडा आला तो इतका मोठा की तेवढी तुरटी सोडली असती तर पाणी तोंडात धरवलं नसतं. तुरटी सोडणाऱ्या पंपाच्या चाकावर माझा हात होता. फिरवणार, तेवढ्यात माझं लक्ष जारकडे गेलं, तिथे जराशा तुरटीने पाणी निवळलं होतं, आणि वाटलं, हे काहीतरी भलतंच आहे. मी हात काढला.

नव्या निवळीत त्या दोन चौकटींची जागा बदललीय, आत्या. ताकद आधी, डोस नंतर. चौकटींवर तसं लिहिलेलंही आहे. पण मी ते वाचलंच नाही. तू पहिली म्हणालीस म्हणून पहिली. तुझ्या वाक्यावर माझा पडद्यापेक्षा जास्त विश्वास.

पाणी खाली गेलं नाही, काही बिघडलं नाही. पण सगळ्यांसमोर झालं. बाईंनी प्रती कपाटात ठेवून कुलूप लावलं. मी पेनने दोन शब्द दुरुस्त करते म्हटलं, तर म्हणाल्या, शेवटच्या पानावर काय लिहिलंय ते वाच. एकही अक्षर कोणीही बदलू नये. त्यांनी ते टोमणा म्हणून नाही, खरंच नियम म्हणून वाचलं.

मी तुझ्यावर रागावलेली नाही. मला फक्त वाईट वाटतंय.

भाची


२ मार्च

आत्या,

दोन गाड्या येऊन गेल्या, तुझं पत्र नाही. रागावलीस का? की बरं नाहीये? दादांना विचारलं तर ते म्हणतात, मोठ्या ताईच्या घरी सध्या कोणी डोकावायचं नाही असा हुकूम आहे, दार उघडून तिने मलाच परत पाठवलं. स्वतःच्या भावालासुद्धा?

पुस्तिकेचं मरू दे. मी दुसरी काहीतरी सोय बघते. मीच एक पान लिहून काढते, जमेल तसं. तू दोन ओळी टाक फक्त.

भाची


८ मार्च

भिंगरे,

बरं नसायला काय झालंय मला? दादाला परत पाठवला कारण टेबलावर सहा ग्लास होते आणि तो आला की आधी पाणी पितो.

तुझं ते चौकटींचं पत्र वाचलं. दुसऱ्या दिवशी दाढीवाल्याला घरी बोलावलं. नवं निवळी माझ्या कॉम्प्युटरवर घालून दे म्हटलं. बिचारा लॅपटॉप छातीशी धरून दारात उभा होता, जणू मी ग्लास फेकून मारणार. मग मी माझीच पुस्तिका घेऊन पहिल्या पानापासून सगळं करत गेले, जशी मी कोणी परकी बाई आहे आणि हे मला नवं आहे. चौकटी उलट्या सापडल्याच. शिवाय एक बटण माझ्या पुस्तिकेत आहे आणि पडद्यावर नाही. एक पडद्यावर आहे, त्याचा माझ्याकडे पत्ता नाही.

मी विचारलं, हे बदललंस तेव्हा मला सांगितलं का नाहीस? तर खाली बघून म्हणाला, "मावशी, तुम्हाला विचारायची भीती वाटली." आणि तो एकटाच नाही. कुठल्या कुठल्या गावांहून लोकांनी त्याला कळवलं होतं, पुस्तिकेत ही ओळ आता चुकीची झालीय, आम्ही दुरुस्त करून देऊ का? त्याने सगळ्यांना उत्तर दिलं, नाही, अट आहे. एवढी माझी दहशत. हे ऐकून आधी मला बरं वाटलं, मग वाटेनासं झालं.

मी एक अक्षर हलू दिलं नाही, आणि तेवढ्यात आजूबाजूचं सगळं हललं. त्या साहेबांनी माझी एक ओळ काढली आणि पुस्तिका खोटी ठरवली. मी सगळ्या ओळी घट्ट धरून ठेवल्या आणि तेच केलं. फिटरच्या जागी या वेळी माझी भाची होती. तो तरी कारखान्यात येऊन मला म्हणाला, यात लिहिलंच नव्हतं. तुला काय म्हणायला लागलं असतं? यात लिहिलं होतं म्हणून केलं. हे मला सोसणार नाही. मी गर्विष्ठ आहे, सगळं जग म्हणतं, म्हणू दे. पण माझा गर्व पुस्तिका बरोबर असण्याचा आहे. चुकीची पुस्तिका जशीच्या तशी राहिली याचा गर्व मी कशाला करू?

म्हणून पेटीवालीला मी स्वतः पत्र लिहिलं. वाकून नाही, सरळ. विचारलं, उद्या कोणी माझी धोक्याची सूचना काढून टाकली तर? बाई पक्की आहे, मला आवडली. लिहिते, काढणाऱ्याला आपण अडवू शकत नाही, पण कोणी काय काढलं हे झाकलं जाणार नाही असं करू शकतो, आणि दुसरा कोणीही ते परत घालू शकतो. तुमच्या त्या साहेबांनी काढलेली ओळ छापून आल्यावर परत घालायची सोय कोणाला होती का?  

जुनी अट काढली. तिच्या जागी नवी घातली, ती पेटीवालीच्या नियमात बसते: बदलायचं त्याने खुशाल बदलावं, पण काय बदललं ते लिहावं आणि खाली स्वतःचं नाव घालावं. नाव घालायला लाजतो त्याने हात लावू नये.

त्यानंतर आठवडाभर मी आणि ग्लास. सगळी पानं नव्या निवळीशी ताडून पाहिली. चौकटी आता पहिली-दुसरी नाहीत, "डोस लिहिलेली चौकट" आणि "ताकद लिहिलेली चौकट" आहेत, म्हणजे दाढीवाल्याने उद्या त्या छतावर नेऊन टांगल्या तरी चालेल. काल पेटीवालीकडे पोचती झाली. वेळेत.

तू एक पान लिहून काढते म्हणालीस. काढायला हवं होतंस.

आत्या


६ एप्रिल

आत्या, माझी शहाणी, हट्टी, थोर आत्या,

पेटी वेळेत आली. डिस्क घातली, एफ-वन दाबलं, आणि तू आलीस. पहिलं पान, मोठ्या अक्षरात, नेट नाही, काही नाही, दरीच्या तळाशी. खाली तुझं नाव. बाईंनी कपाटाचं कुलूप काढून जुन्या प्रती मला परत दिल्या आणि नवीन पुस्तिका मशीनवरून छापून घ्यायला सांगितली.

गाळ आला तो अपेक्षेच्या आधीच. धरणवाल्यांनी दरवाजा ठरल्यापेक्षा लवकर उचलला, आम्हाला निरोप पोचेपर्यंत पाणी निघालेलं होतं. मी तेव्हा केंद्रात नव्हतेच, नदीतून पाणी आत घेतो त्या पलीकडच्या तोंडाशी, कचरा अडवणाऱ्या जाळ्या बघायला गेले होते. समोर नदीचा रंग बघता बघता विटेसारखा झाला. मी धावत सुटले. केंद्रात सायरन एकटा, सोबत नवीन लागलेली एक मुलगी. धावताना माझ्या डोक्यात एकच, आता हा काय करून ठेवतो.

दारापर्यंत पोचले आणि आतून आवाज आला. सायरन मोठमोठ्याने वाचत होता. "डोस लिहिलेल्या चौकटीत, सर्वांत कमी तुरटीत जो जार निवळला, त्याचा आकडा भरा." ती मुलगी भरत होती. "आता थांबा. आकडा पुन्हा वाचा." ती थांबली, तिने वाचला. तुझं वाक्य कंट्रोल रूमभर घुमत होतं आणि दोघं त्या वाक्याच्या तालावर काम करत होती. सहाही जार मांडलेले होते. डोस बरोबर होता. मला करायला त्यांनी काही शिल्लक ठेवलं नव्हतं. मी दारातच उभी राहिले. दम लागला होता, आणि रडूही येत होतं, दोन्ही एकदम.

चार दिवस तसं पाणी येत राहिलं. टाक्यांच्या तळाशी इतका चिखल की उपसून हात गळले. पण गाळून खाली गेलं ते पाणी काचेसारखं. खाली गावात कोणाला काही कळलंसुद्धा नाही. भांडी घासली, पोरांना आंघोळी घातल्या, चहा केला. आमच्या धंद्यात कोणाला काही न कळणं हीच शाबासकी.

दुसऱ्या दिवशी एक छोटी भानगड झाली होती, ती निस्तरली. भेटलीस की सांगेन.

बाईंनी मुख्य कार्यालयाला लिहिलंय की निवळी सगळ्या केंद्रांना पाठवा, पुस्तिकेसकट. "पुस्तिकेसकट" खाली त्यांनी रेघ मारलीय. आणि सायरन विचारत होता, आत्याबाई कधी इकडे येणार, त्याला त्यांना एकदा बघायचंय.

तुझी भाची


२ मे

भिंगरे,

तुझं पत्र मी सोसायटीत सगळ्यांना वाचून दाखवलं. ज्यांना ऐकायचं होतं त्यांना आणि ज्यांना नव्हतं त्यांनाही. दादा दोनदा ऐकून गेला, आणि आता जो भेटेल त्याला सांगत सुटलाय की बहीण आणि मुलगी मिळून गाव सांभाळतात. मी त्याला अडवलं नाही.

अट काढल्यापासून बदल यायला लागलेत. दाढीवाला दर आठवड्याला पाठवतो, आता घाबरत नाही, उलट मजा बघतो. काही बदल भिकार असतात. एकाने माझ्या साध्या "ढवळा"चं काहीतरी जडजंबाळ केलं होतं, मी ते परत ढवळा केलं, खाली माझं नाव घातलं. एका जहाजावरच्या इंजिनियरने खाऱ्या पाण्याची दोन वाक्यं घातली, ती मला कधी सुचलीच नसती. मी ग्लासात मीठ घालून बघितलं, बरोबर आहेत. रोज सकाळी लाल पेन्सिल घेऊन बसते. निवृत्त झाल्यापासून इतकं बरं वाटलं नव्हतं.

काल जे बदल आले त्यात एक परिच्छेद होता. मी नाव आधी बघत नाही, आधी मजकूर वाचते, नाहीतर हात आखडतो. तो असा होता:

"गाळ फार असला की मीटरची काच माखते आणि गढूळपणाचा आकडा फुगतो. आकडा आणि जार जुळत नसतील तर कृपया पंपाला हात लावू नका. काच पुसा. पुन्हा मोजा. तरी जुळलं नाही तर जारवर विश्वास ठेवा, तो तुमच्या डोळ्यांसमोर आहे."

 मी ते पुन्हा वाचलं. आधी वाटलं, हे मी कधी लिहिलं? मग लक्षात आलं, मी नाही लिहिलं, मला मीटरची काच माहीतच नव्हती, माझ्या टेबलावर कुठलं मीटर? हे कोणीतरी चिखलात उभं राहून लिहिलंय. आणि असं लिहिलंय की एकटा माणूस घाबरलेला असताना वाचेल आणि त्याचा हात थांबेल. मी उभा जन्म हेच करायला बघत होते. मला हे याहून चांगलं लिहिता आलं नसतं, आणि हे मी आयुष्यात कोणाच्या लिहिण्याबद्दल म्हटलेलं नाही.

मग खाली बघितलं, तर तुझं नाव.

छोटी भानगड म्हणे. भेटलीस की सांगेन म्हणे. मला ताकास तूर लागू दिली नाहीस. मी उठले, दोन्ही खोल्यांतून एक फेरी मारून आले, डोळे पुसले, आणि परत बसले.

परिच्छेद पुढच्या पेटीत जातोय, बारावं पान, धोक्याच्या सूचनांत सगळ्यांत वर. जहाजावर जाईल, इस्पितळात जाईल, ज्या दऱ्या तू आणि मी कधी बघणार नाही तिथे जाईल. मी त्यात एकच बदल केलाय. "कृपया" काढलं. समोरून गाळ येत असताना आर्जव करत बसायचं नसतं, सरळ सांगायचं असतं. नियमाप्रमाणे तुझ्या नावाखाली लिहिलंय, "एक शब्द कमी केला," आणि त्याखाली माझं नाव.

पटलं नाही तर परत घाल.

आत्या